दाजींची नवी गाडी

गाडीनं पहिल्यांदा निळा धूर सोडला तेव्हा ज्ञानदेवानं तो पुढच्या टेम्पोच्या नावावर टाकला. मग टेम्पो खराडीच्या पुलाखालून डावीकडं वळून गेला आणि धूर तिथंच राहिला.

मागं कंपनीच्या तीन मुली बसल्या होत्या. तिघींच्याही कानांत गाण्याची बोंडं होती, त्यामुळं इंजिनाला आलेली उबळ त्यांना ऐकू गेली नव्हती. नाकं मात्र उघडी होती.

"काका, काहीतरी जळतंय."

"बाहेर जळतंय, मॅडम," ज्ञानदेव म्हणाला आणि त्यानं काचा वर घेतल्या. आता आतला वास आतच राहिला. इंजिनावर भार नको म्हणून त्यानं एसी बंद केला. भाद्रपदातलं ऊन बॉनेटवरून डोळ्यांत येत होतं. शर्ट पाठीला चिकटला. क्लच दाबून दाबून डाव्या गुडघ्यात बसलेली कळ मांडीपर्यंत चढली. तो सारखा आरशात बघत होता, पण मागचा रस्ता बघायला नव्हे. एकीची बोटं फोनवर भराभर चालली होती, आणि त्या बोटांची त्याला गाडीपेक्षा जास्त भीती वाटत होती.

भीती बरोबर होती. गाडी कंपनीच्या गेटवर पोचायच्या आत तक्रार सुदर्शनशेठकडं पोचली. तक्रारीला ट्रॅफिक लागत नाही.

सुदर्शनशेठचा धंदा मांजरीत कालव्याच्या कडेला, एका लोखंडी कंटेनरमधून चालायचा. गाव त्याला शेठ म्हणायला लागलं ते त्याचा ऊस जाऊन तिथं फ्लॅट उभे राहिल्यावर. त्याआधी तो सुद्या होता. कंपन्यांना माणसं ने-आण करायला तो गाड्या पुरवायचा. गाड्या ज्ञानदेवासारख्यांच्या, कंत्राट शेठचं. ज्ञानदेव आत गेला तेव्हा शेठ पेरू खात होता.

"ज्ञाना, धूर काढला म्हनं."

"जरासाच, शेठ."

"जरासा म्हंजी?"

"म्हंजी पुढचा टेम्पो दिसंना, इतकाच."

शेठनं पेरूची एक फोड पुढं केली. ज्ञानदेवानं ती घेतली आणि हातातच धरून ठेवली.

"कंपनीचं पत्र आलंय. दसऱ्यापासनं डिझेल बंद. बॅटरीची गाडी पायजे. ज्याच्याकडं न्हाई त्यानं घरी बसायचं."

"शेठ, हिचंच हप्तं फिटायचं ऱ्हायल्यात अजून. दीड वर्साचं."

"कुनाचं ऱ्हायलं न्हाईत? माझ्या बिल्डिंगीचं ऱ्हायल्यात. मी रडतुया का?"

तो रडत नव्हता. पेरूला तिखट-मीठ लावत होता.

"न्हाईतर असं कर," तो म्हणाला. "मी दोन बॅटरीच्या घेतोय. एकीवर तू बस. म्हैन्याला पगार. हवी तर थोडी उचल बी देतो."

ज्ञानदेव चेष्टा ऐकल्यासारखा हसला. कंपनीच्या ओळखपत्रावर त्याच्या नावाखाली 'मालक-चालक' असं लिहिलं होतं. त्यातला पहिला शब्द खोडून घ्यायला कुणी कंटेनरमध्ये येत नाही. तो बाहेर आला, गाडीपाशी उभा राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं की पेरूची फोड अजून हातात आहे.

पहाटे गाडी चालू करणं हा त्या घरात एकट्या ज्ञानदेवाचा कार्यक्रम नव्हता. बाहेर त्यानं चावी फिरवली की आत त्याच्या बायकोचे, हिराचे, पिठातले हात थांबायचे आणि त्याची आई सरुबाई अंथरुणात उठून बसायची. पहिल्या झटक्याला चालू झाली तर सरुबाई पुन्हा आडवी व्हायची. दुसऱ्या झटक्याला ती खंडोबाचं नाव घ्यायची. हल्ली खंडोबाला रोजच उठावं लागत होतं.

सरुबाई नवऱ्याबरोबर आष्टीकडून ऊसतोडीला आली होती. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या हंगामात फिटली नाही, पुढच्यातही फिटली नाही, आणि फेडता फेडता ते मांजरीतच राहिले. उचल फिटली तेव्हा नवरा संपला होता. मग तिनं खुरपून, मोळ्या वाहून एक गुंठा जागा घेतली आणि वर दोन खोल्या बांधल्या, पत्र्याच्या. जागा तिच्या नावावर होती. तिच्या नावावर एवढं एकच होतं, आणि कुणी पत्ता विचारला की ती ते सांगायला विसरत नसे.

हिरा पहाटे गाडी गेली की कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला मळ्यात जायची. दिवसभर ओणवं राहून तिची कंबर धरायची आणि बोटं हिरवी व्हायची. साबणानं ती पिवळी व्हायची, पण मूळच्या रंगावर काही यायची नाहीत.

हप्त्याच्या दिवशी बापूराव चहाला यायचा.

बापूराव हा ज्ञानदेवाचा चुलता. टोळीबरोबर तोही आला आणि तोही राहिला. आता त्याच्या दोन म्हशी होत्या. गाडी घेताना तो जामीन राहिला होता, आणि हे त्यानं आपल्या बायकोला अजून सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दर महिन्याला त्या तारखेला तो यायचा, उंबऱ्याशी बसायचा, पाऊसपाण्याचं बोलायचा, म्हशींचं बोलायचा. हप्ता गेला का, असं त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. ज्ञानदेवच कधीतरी म्हणायचा, "सकाळीच गेला, तात्या."

"काय गेला?"

"हप्ता."

"मी कुठं इचारलं?" असं म्हणून बापूराव उठायचा. चहा अर्धा ठेवायचा. घशाखाली उतरत नसे, एवढंच. हिरा तो अर्धा चहा दारातल्या कढीपत्त्याच्या झाडाला ओतायची.

या खेपेला तो आला तेव्हा ज्ञानदेव दारात इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत उभा होता. बापूरावही शेजारी येऊन ऐकायला लागला.

"खोकती रं."

"धुळीनं, तात्या."

"माझी काळी म्हस बी धुळीनंच खोकायची," बापूराव म्हणाला. "खोकत खोकत गेली."

त्या दिवशी त्यानं चहाला तोंडच लावलं नाही.

मेकॅनिकनं दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि काही न बोलता अलगद मिटलं. इंजिनाला सांगितलेला खर्च ऐकून ज्ञानदेवाला वाटलं, हा गाडी विकत मागतोय. आणि इंजिन केलं तरी दसऱ्यानंतर डिझेलला दारात कोण उभं करणार होतं?

हिराचा भाऊ सार्थक म्हणाला, "दाजी, घाबरता काय? एक्स्चेंज करा. जुनी द्या, नवी घ्या. आमच्या मंडळातल्या दोघांनी केलंय."

"त्यांचं हप्तं ऱ्हायले व्हते?"

"ते काय मी इचारलं न्हाई."

सार्थक हा मित्रमंडळाचा खजिनदार होता. खजिना नव्हता, त्यामुळं त्याला वेळ भरपूर असे. तोच दोघांना सोलापूर रस्त्यावरच्या शोरूममध्ये घेऊन गेला.

आत इतका गारठा होता की हिरानं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि हिरवी बोटं त्यात लपवली. ती सोफ्याच्या कडेला टेकली. पुरती बसली तर सोफ्याचे पैसे पडतील, अशी. गळ्यात पट्टा घातलेला केयूर नावाचा मुलगा समोर येऊन बसला. राहायला शनिवार पेठेत, बोलायला मोकळा.

"सर, आधी तुम्ही रिलॅक्स व्हा."

ज्ञानदेवाला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. तो आणखी घाबरला.

बाहेर एक माणूस त्याच्या गाडीभोवती फिरत होता. दारं उघडून मिटत होता, पत्र्यावर टिचकी मारत होता, वाकून वास घेत होता. बाजारात बैलाचे दात बघतात तसं. ज्ञानदेवाला वाटलं, आता हा आपलंही तोंड उघडायला सांगणार. त्या माणसानं आत येऊन केयूरच्या कानात आकडा सांगितला. केयूरनं तो आकडा आणि शिल्लक कर्जाचा आकडा शेजारी शेजारी मांडला आणि हसला.

"सर, तुमची गाडी थोडी मायनसमध्ये आहे. म्हणजे गाडीची किंमत कमी, तिच्यावरचं लोन जास्त. पण नो प्रॉब्लेम. जुनं लोन आम्ही क्लोज करतो आणि मायनस नव्या लोनमध्ये ॲड करतो. तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"कळलं न्हाई तर भरायचं कसं?" हिरा म्हणाली.

"मॅडम, हप्त्यातच येणार ना ते."

"म्हंजी मेलेल्या गाडीचं जितीनं भरायचं."

"टेक्निकली हो. पण आम्ही तसं म्हणत नाही."

"मग काय म्हनता?"

"अपग्रेड."

हिरानं मान हलवली. केयूरला ती पसंती वाटली. तो पुढं सरकला. "आता एवढं लोन बँक करणार नाही, कारण जुनं आत आलंय. पण आमच्या ओळखीचे एक प्रायव्हेट फायनान्सवाले आहेत, ते जागेच्या कागदावर करतात. जागा आहे ना?"

"एक गुंठा," ज्ञानदेव म्हणाला. "आईच्या नावावर."

"आई आहेत?"

"हाय की."

"बेस्ट! सही करतात?"

"अंगठा."

"अंगठा तर आणखी पक्का," केयूर म्हणाला. "सात वर्षांत सगळं क्लिअर."

मग त्यांना नव्या गाडीत बसवलं. पांढरी, प्लॅस्टिकच्या वासाची. ज्ञानदेवानं बटण दाबलं आणि कान लावून बसला.

"चालू कवा व्हायची?"

"झालीये सर."

आवाज नाही, थरथर नाही. बिघडली तर बिघडल्याचं कळायचं कसं? शोरूमच्या पुढल्या आवारात त्यानं तिला एक फेरी मारून आणली आणि इतक्या सावकाश थांबवली की जणू आत कुणी झोपलंय. गुडघा दुखला नाही, हे त्याला उतरल्यावर कळलं. त्याची त्याला लाज वाटली.

"दाजी, बॉनेटवर हात ठेवा," सार्थक फोन धरून म्हणाला. "जरा मालकासारखं. हां, हनुवटी वर."

ज्ञानदेवानं हनुवटी वर केली. फोटोत तो गळू तपासायला उभा राहिल्यासारखा दिसत होता.

"इचार करून सांगतो," तो केयूरला म्हणाला.

"नक्की करा. मी गुरुवारी कागद घेऊन घरी येतो, आईंना त्रास नको. ऑफर दसऱ्यापर्यंतच आहे."

विचार करायला त्यांना एक रात्र मिळाली आणि तीही पुरती नाही. सकाळी गाडी निघायच्या आतच हिरा मळ्यात जायला निघाली ती चौकातून उलटी आली.

"अवं, भाईर या. तुमी चौकात लागलाय."

चौकात, बसथांब्याच्या वर, दोन खांबांना बांधलेला भला मोठा फ्लेक्स होता. त्यावर ज्ञानदेव उभा होता, हात बॉनेटवर, हनुवटी वर. गळ्यात त्यानं न घातलेला हार होता. डोळ्यांवर त्याच्या मालकीचा नसलेला गॉगल होता. 'गाडीमालक ज्ञानदेवदाजी यांना नवीन गाडी घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांची ओळ, त्यात मधोमध सार्थक, डोळ्यांवर गॉगल, फोन कानाला लावलेला. वरच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, मार्गदर्शक म्हणून बापूराव. फोटो कुठल्यातरी लग्नातला असावा. फेटा होता आणि घास तोंडात होता.

ज्ञानदेव बघत राहिला. आपण इतके मोठे आणि इतके आनंदी कधी दिसलो होतो ते त्याला आठवेना.

"सार्थक!" तो फोनवर ओरडला. "गाडी घेतलीया कुनी?"

"दाजी, सरप्राईज!"

"आरं, घ्यायची का न्हाई ते ठरायचंय अजून!"

"फोटो काढला तवा तुमी हसला की," सार्थक म्हणाला. "मला वाटलं ठरलं. आन फ्लेक्सवाल्याकडं दोनावर एक फुकट व्हता."

"म्हंजी आनखी हायेत?"

"एक रेल्वेगेटवर. एक सुदर्शनशेठच्या कंटेनरसमोर."

त्या दिवसापासून ज्ञानदेवाला रस्त्यानं चालता येईना. किराणावाला म्हणाला, "पेढे कुठायत, मालक?" आणि मागची उधारी पुढं केली, आता काय अडचण आहे म्हणून. मळ्यात बायका हिराला म्हणाल्या, "तू कशाला वाकतीस बाई, तू आता मागं बसून फिरायचं." हिरा वाकली ती संध्याकाळपर्यंत वर बघितलं नाही. जुन्या कर्जाच्या कंपनीतून फोन आला. गोड आवाजाची बाई म्हणाली, नवीन वाहनाबद्दल अभिनंदन, जुन्या वाहनाचं काय करताय? तिला कुणी सांगितलं असेल याचा विचार करत तो फोन ठेवायचा विसरला. ती म्हणत होती, "हॅलो, सर? आमचा माणूस येऊन गाडी बघून जाईल."

तेव्हापासून दारात मोटारसायकल थांबली की घरातले बोलायचे थांबत. हे लोक रस्त्यात गाडी अडवतात, चावी काढून घेतात, प्रवाशांना उतरवतात, असं ज्ञानदेवानं ऐकलं होतं. तो सिग्नलला दारं आतून लावून घ्यायला लागला. हप्ता एकही थकला नव्हता, तरी.

सुदर्शनशेठ कंटेनरच्या दारातच भेटला. फ्लेक्स समोरच होता.

"शाब्बास. मला वाटलं तू घाबरतोस."

"शेठ, ते..."

"तुजं नाव मी कंपनीला कळवून टाकलं. दसऱ्याला गाडी लावायची. न्हाई लावली तर माजं तोंड काळं. आन माजं झालं तर तुजं व्हईल."

गुरुवार यायच्या आदल्या संध्याकाळी बापूराव आला. हप्त्याची तारीख नव्हती. त्याच्या चपला एकमेकींशी जुळत नव्हत्या.

"ज्ञाना, त्या फळ्यावर माजा फोटू वर हाय का खाली?"

"वर हाय, तात्या."

"खालच्यात न्हाई?"

"न्हाई. तुमी मार्गदर्शक हाय."

बापूराव मटकन खाली बसला. "म्हंजी हिला बी मीच जामीन?"

"न्हाई वो, तात्या. ते नुसतं मानाचं असतंय."

"मागच्या बारीला बी तू मानाचंच म्हनला व्हतास," बापूराव म्हणाला. "चुलतीनं बघितलाय फळा. ती इचारती, तुमी काय मार्ग दाखवला त्याला? काय सांगू? म्हशी धाराला उभ्या ऱ्हाईनात माज्यापाशी. हाताला कापरं सुटतंय, ते त्यास्नी कळतंय."

हिरानं चहा दिला. बशीत सांडला तेवढाच त्याच्या हातून कमी झाला.

गुरुवारी केयूर आला. बूट काढून आत आला, सरुबाईच्या पाया पडला आणि पत्र्याकडं बघून "छान हवा येते" म्हणाला. कागद इतके होते की चटईवर मावेनात. त्यानं शाईचं पॅड उघडून सरुबाईपुढं ठेवलं. ज्ञानदेव भिंतीला टेकून उभा होता. सार्थक दारात होता, आत यायचं धैर्य त्याला होत नव्हतं. बापूराव न बोलावता आला होता आणि उंबऱ्यावर बसून कागदांतून आपला फोटो डोकावतोय का ते बघत होता.

सरुबाईनं अंगठा पॅडवर टेकला. काळा झाला. मग तिनं तो तसाच वर धरला.

"किती वर्सं म्हनला, बाळा?"

"सातच, आजी."

"आन मधीच हिनं धूर काढला तर?"

"ही धूर काढत नाही, आजी. बॅटरीवर आहे."

"मग काय काढती?"

"बॅटरी बदलावी लागते कधीकधी. पण ते पुढचं."

"आन हप्ता चुकला तर?"

"चुकणार नाही हो."

"चुकला तर काय, ते इचारते."

केयूरनं कागद सरळ केले. "मग फायनान्सवाले नियमाप्रमाणं जातात."

"कुठं जात्यात?"

पत्रा उन्हानं टणकन वाजला. सरुबाईनं काळा अंगठा वरच ठेवून ज्ञानदेवाकडं बघितलं.

"शेठ उचल देतो म्हनला व्हता न्हवं?"

"ती त्याच्या गाडीवर बसलो तर," ज्ञानदेव म्हणाला. "आई, ते गड्याचं काम हाय. आन उचलीचं तुला म्हाईत न्हाई का? तूच म्हनतीस, उचलीनं आबाला खाल्लं."

"खाल्लं की. माज्याम्होरं खाल्लं." ती सावकाश बोलत होती. "पन उचलीला मानूस गहान पडतंय, ज्ञाना. घर न्हाई पडत. तुजा बाप गेला तवा आमाला पाचटाच्या कोपीतनं कुनी उठीवलं न्हाई. मी ऱ्हायलेली उचल पाठीनं फेडली, आन ही जागा केली." तिनं अंगठा कागदावर आणला, टेकवला मात्र नाही. "तू सांग. घर ठिवायचं का पाठ ठिवायची? मी अंगठा देते. मला किती दिस ऱ्हायचंय? उठवलं तर तुमाला उठवत्याल."

ज्ञानदेवाला चौकातला तो हनुवटी वर केलेला माणूस दिसला. मग रेल्वेगेटवरचा. मग कंटेनरसमोरचा. तिघेही त्याच्याकडं बघत होते. त्यानं हिराकडं बघितलं. ती हाताची हिरवी बोटं एकेक करून मोडत होती.

"कागद घ्या, साहेब," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

"सर, परत विचार..."

"घ्या. आईचा हात काळा झालाय, तेवढा पुसायला काय असंल तर द्या."

केयूरकडं सुवासिक ओला कागद होता. तो त्यानं दिला. माणूस वाईट नव्हता. जाताना गाडीच्या आकाराची किल्ल्यांची साखळी ठेवून गेला, भेट म्हणून.

मग जे झालं ते पटकन झालं, आणि त्यातलं काहीच फुकट झालं नाही. जुनी गाडी हडपसरच्या एका दलालानं शोरूमपेक्षा थोड्या जास्त किमतीला घेतली. तरी कर्जाला खड्डा उरलाच. मळ्यातल्या बायकांच्या भिशीत हिरानं त्या महिन्याची बोली सगळ्यांत खाली लावली आणि तोट्यात रक्कम उचलली. तरीही उरलं ते शेठच्या उचलीतून भागवलं. गाडी नेली त्या दिवशी ती पहिल्या झटक्याला चालू झाली. आत सरुबाई सवयीनं उठून बसली, आणि आवाज वळणाआड गेला तरी तशीच बसून राहिली.

उचल मोजून देताना शेठ म्हणाला, "जामीन कोन?"

"जामीन?"

"उद्या तू उठून गावाकडं गेलास तर मी कुनाला धरू?"

ज्ञानदेव रिकाम्या हातानं कंटेनरबाहेर आला. बापूरावाचं नाव त्याच्या तोंडात आलं होतं ते त्यानं गिळलं होतं. बाहेर फ्लेक्सखाली सार्थक उभा होता. त्या गुरुवारनंतर पंधरा दिवस तो दाजींच्या नजरेला पडत नव्हता. "शेठ जामीन मागतुया," ज्ञानदेव म्हणाला. तो वर फ्लेक्सकडं बघत राहिला, सार्थकच्या फोन कानाला लावलेल्या डोक्याकडं. बराच वेळ बघत राहिला.

"बरं," सार्थक शेवटी म्हणाला. "कुठं सही करायची?"

दसऱ्याला ज्ञानदेव शेठची नवी गाडी घेऊन मांजरीत आला. पांढरी, तीच, झेंडूचा हार लावलेली. चौकातल्या लोकांनी ती बघितली, वर फ्लेक्स बघितला, आणि त्यांचं समाधान झालं. पेढे मागायला ते घरी आले. नाही म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून हिरानं अर्धा किलो आणले आणि निम्मे निम्मे करून वाटले. कंपनीच्या नव्या ओळखपत्रावर नुसतं 'चालक' लिहिलं होतं. मागं बसणाऱ्या मुलींना फरक कळला नाही. गाडी गार होती आणि काही जळत नव्हतं.

शेठनं बजावलं होतं, ओरखडा पडला तर पगारातून. म्हणून ज्ञानदेव दारात गाडी लावली की तिच्यावर काहीतरी झाकायला लागला. घरात मावेल एवढं कापड नव्हतं. शेवटी त्यानं आणि सार्थकनं रेल्वेगेटवरचा फ्लेक्स सोडवून आणला. तो बरोबर बसला. छापलेली बाजू त्यांनी आतून घेतली. पहाटे तो काढताना समोरच्या काचेला चिकटलेलं आपलं तोंड ज्ञानदेवाला आधी सोडवावं लागे. मग तो बटण दाबायचा, आणि आतून सरुबाई विचारायची, "झाली का रं?" काही ऐकूच येत नसल्यानं तिला आता रोज विचारावं लागे.

जुन्या हप्त्याच्या तारखेला बापूराव आला. कर्ज मिटल्याचं, जामीन सुटल्याचं त्याला सांगितलेलं होतं, पण पाय सवयीनं आले होते. त्यानं फ्लेक्सचा कोपरा उचलला. आतून एक फेटा आणि अर्धा घास दिसला. त्यानं कोपरा घाईनं सोडला.

"ही कुनाची?"

"शेठची, तात्या."

"आन उचल घेतलीस म्हनं. जामीन?"

चहाचा कप त्याच्या ओठाशी थांबला होता.

"सार्थक," ज्ञानदेव म्हणाला.

बापूरावानं चहा घेतला. एका दमात, तळाशी बसलेल्या साखरेपर्यंत. मग कप पुढं केला. "वहिनी, असंल तर आनखी घोटभर," तो सरुबाईला म्हणाला.

महिना संपला. पगाराच्या दिवशी, शेठ उचलीतलं किती कापून घेतो आणि हातात किती देतो याचा हिशोब डोक्यात घेऊन ज्ञानदेव दारात आला, तर उंबऱ्यापाशी सार्थक बसलेला. गॉगल नव्हता. फोन खिशात होता.

"या दाजी," तो म्हणाला. त्यानं कढीपत्त्याच्या झाडाकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. "औंदा पाऊसपानी बरं झालं न्हाई?"

"बरं झालं."

"गुडघं काय म्हनत्यात?"

"बरं हायेत." ज्ञानदेवानं किल्ली खिशात घातली. "कापून घेतलं शेठनं, या म्हैन्याचं."

"काय?"

"उचलीचं."

"मी कुठं इचारलं?" सार्थक म्हणाला आणि उठला.

हिरानं त्याचा कप उचलला. चहा अर्धा होता. तिनं तो झाडाला ओतला.